दत्ताकाकांनी मागितलेलं पत्रक

दत्ताकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणजवळ एका कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटत होते. पहिली शिफ्ट नुकतीच सुटली होती. बाबांचा फोन. "दत्ता गेला," एवढंच म्हणाले, आणि थोडं थांबून, "सकाळी. ब्रुअरीतच." मी "निघते" म्हणाले. पण निघाले नाही. हातात पन्नासेक पत्रकं उरली होती, ती वाटून संपवली. आवाज नेहमीचाच... "भाऊ, वाचा, कंत्राटी कामगारांबद्दल आहे." शेवटचा कागद गेला तेव्हा स्कूटर सुरू केली. याला आता दोन महिने होत आले. तेवढी पंधरा मिनिटं मी तिथे का थांबले ते मला ठाऊक आहे. काकांना माझ्याकडून एक पत्रक हवं होतं, फक्त एक पान. सगळ्या औद्योगिक पट्ट्याला पत्रकं वाटणारी मी, ते एक पान त्यांना देऊ शकले नव्हते आणि त्यांच्या समोर जायला मला भीती वाटत होती. ते गेलेले असतानाही.

दत्ताकाका माझ्या बाबांचे मित्र. दोघं पिंपरीच्या एकाच गाड्यांच्या कंपनीत, एकाच टूलरूममध्ये. बाबा युनियनचे. निगडीच्या आमच्या दोन खोल्यांत भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. मला 'नारळ' वाचता यायच्या आधी 'निषेध' वाचता आला. बाबा मजकूर लिहायचे, काका वाटायचे. काका लातूरकडचे, लिहिण्याचा त्यांना कंटाळा. "तू लिही, मी पळतो," हा त्यांचा वाटा. गेटवर कुणी पत्रक घेऊन न वाचताच चुरगाळलं तर काका ते उचलून, मांडीवर सरळ करून पुन्हा गठ्ठ्यात घालायचे आणि मला म्हणायचे, "पोरी, कागदानं काय पाप केलंय?"

टूलरूममधली त्यांची एक गोष्ट बाबा नेहमी सांगत. तिथे बिघडलेल्या कामासाठी लाल रंगाचं एक खोकं असतं. सगळे त्याला लाल बिन म्हणतात. माणसं आपला बिघडलेला पीस त्यात टाकायला नाखूश असतात, कारण शिफ्ट संपताना साहेब त्यात काय आहे ते बघतो. कुणी तो पीस दुसऱ्याच्या ढिगात सरकवतो, कुणी डब्याच्या पिशवीतून घरी नेतो. काका आपला पीस सगळ्यांदेखत लाल बिनमध्ये टाकायचे, वर खडूनं स्वतःचं नाव लिहून. साहेब म्हणायचा, "सोनटक्के, इतकी घाई काय आहे?" तर म्हणायचे, "पुढं गेला साहेब, की कुणाच्या गाडीत बसल सांगता येत न्हाई."

काकांनी कंपनी सोडली आणि बिअर करायला घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. तळेगावहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका शेडमध्ये ती ब्रुअरी होती. आयटीतल्या कुणीतरी हौसेनं काढली, दोन वर्षांत दमला आणि परदेशी निघून गेला. चकचकीत टाक्या, पाच-सहा कामगार आणि बिघडलेला पंप मागे राहिला. काका तो पंप दुरुस्त करायला गेले आणि कामगारांचं ऐकून घेत तिथेच राहिले. शेवटी निवृत्तीचे आलेले सगळे पैसे घालून त्यांनी ती शेड चालवायला घेतली. बाबा त्यांच्याशी चार महिने बोलले नाहीत. मी त्याहून कडक निघाले. माझा मामा दारूनं गेला होता, आणि मी तोवर दारूबंदीच्या कामात पडले होते. एकदा काका पिशवी घेऊन घरी आले तेव्हा मी दारातच म्हणाले, "तुमच्या हातचं आता आम्हाला काही नको."

"भेंडी आणलीय गं," काका म्हणाले. "शेडच्या मागं लावली होती. भेंडीला कुठं चढतीय?"

मी पिशवी घेतली नाही. बाबाही आतून उठले नाहीत. काका पिशवी कडीला अडकवून गेले. आईनं संध्याकाळी भाजी केली, आणि मी ती खाल्ली नाही. माझ्या तत्त्वनिष्ठेची ही तेव्हाची उंची.

ब्रुअरी त्यांनी कशी उभी केली ते मला पुढे इरफानभाईंनी सांगितलं. इरफानभाई मूळचे मेकॅनिक, काकांच्या हाताखाली तिथे सुरुवातीपासून होते. बिअर दर तिसऱ्या-चौथ्या खेपेला आंबट व्हायची. आधीच्या मालकानं जव बदललं, पाणी बदललं, परदेशातून सल्लागार आणला. काकांना बिअरमधलं काही कळत नव्हतं. ते चाखायचे तेही घोटभर, आणि थुंकून टाकायचे. त्यांनी टूलरूमची रीत लावली. टाकीपासून पिंपापर्यंतचा प्रत्येक जोड उघडायचा, धुवायचा, बोट फिरवून बघायचा, मग बंद करायचा. अकराव्या दिवशी एका व्हॉल्व्हमधला रबरी वायसर सापडला, आतून कुजलेला. जुना गाळ त्यात अडकायचा आणि नव्या मालाला आंबवायचा. "लोकं चव शोधत बसले," काका इरफानभाईंना म्हणाले, "अन् घाण जोडात होती." पण तोवर त्याच व्हॉल्व्हमधून भरलेली पिंपं हिंजवडी-मारुंजीकडच्या हॉटेलांत पोचली होती. काहींची चव बरी होती, हॉटेलवाल्यांची तक्रार नव्हती. काकांनी स्वतः प्रत्येक हॉटेलात जाऊन माल परत बोलावला. इरफानभाई म्हणाले, "मी म्हटलं, दत्ताभाऊ, धंदा आत्ता कुठे उभा राहतोय, गप्प बसू. तर म्हणाले, बिघडलेला पीस आपलाय, आपणच आणायचा." विचित्र म्हणजे, माल परत आणणारा हा पहिलाच माणूस म्हणून त्याच हॉटेलांनी पुढे त्यांच्याकडेच ऑर्डरी दिल्या. वर्षभरात शेड चालू लागली. कामगारांचे थकलेले पगार निघाले.

आणि मग मी मध्ये आले.

ब्रुअरीपासून जवळच्या एका गावात आम्ही दारूच्या नव्या दुकानाविरुद्ध बायकांच्या सह्या गोळा करत होतो. गावाचं नाव लिहीत नाही. "आमचं नाव आता कुठंबी छापू नगंस," असं मला तिथं बजावलेलं आहे. एका दुपारी एका गोठ्यासमोर टेम्पो उभा दिसला. त्यातून ओला, वाफाळता, भुरकट चोथा घमेल्यांनी म्हशींपुढे पडत होता. वास आंबूस. मी टेम्पोवाल्याला विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "बिअरचा चोथा. दत्ताशेट फुकट देत्यात. दूध वाढतंय." माझ्या डोक्यात वीज चमकली. मी घरी आले आणि तासाभरात पत्रक लिहिलं. मथळा होता, 'तुमच्या लेकराच्या पेल्यात दूध आहे की दारू?' बाबांनी शुद्धलेखन तपासलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि म्हणाले, "जोरदार झालंय." काकांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. त्यांना एक फोन करून विचारायचं मला सुचलं नाही... नाही, हे खोटं आहे. सुचलं होतं. पण शत्रूला विचारून कुणी पत्रक लिहितं का, असं मी स्वतःला सांगितलं.

पत्रक चाललं. मी लिहिलेलं आजवर कुठलंच पत्रक इतकं चाललं नव्हतं. फोटो काढून मोबाइलवर फिरलं. आठवड्याच्या आत गावातल्या दूध संकलन केंद्रानं शेवंतामावशींचं दूध घ्यायचं बंद केलं. तो गोठा त्यांचा होता. नवरा नाही, तीन म्हशी, हीच त्यांची कमाई. चोथा घेणारे इतर दोघं-तिघं घाबरून थांबले. शेडमध्ये चोथा साचू लागला. दोन दिवसांत त्याला घाण सुटते. शेजारच्या कारखान्यांनी तक्रारी केल्या, तपासणीला माणसं आली. खड्डे खणून खत करायला जागा पुरेना, म्हणून काकांनी महिन्याच्या खेपा निम्म्या केल्या. त्यातलं मला तेव्हा एवढंच कळलं होतं की ब्रुअरीला फटका बसला. मला आनंद झाला होता. तो मी लपवलाही नव्हता.

काका निगडीला आले. या वेळी मी दार अडवलं नाही, कारण मला जिंकल्यासारखं वाटत होतं. खिशातून माझंच पत्रक काढून, मांडीवर सरळ करून त्यांनी पुढे ठेवलं. म्हणाले, "लिहितीस लई भारी. बापापेक्षा भारी. पण पोरी, हे चुकलंय." मग समजावून सांगितलं. भरडलेलं जव गरम पाण्यात भिजवतात, त्याचं गोड पाणी गाळून घेतात आणि उरलेला चोथा तेव्हाच बाहेर काढतात. आंबवायचं यीस्ट पडतं ते पुढे, नुसत्या त्या गोड पाण्यात. "चोथा म्हशीपुढं पडतो तवर बिअर झालेलीच नसती. उन्हात टेम्पोत ऱ्हायला तर वास येतो, तुझ्या आईच्या इडलीच्या पिठाला येतो तसा."

"म्हणजे तुमच्या धंद्याची जाहिरात करू?" मी म्हणाले.

"माझं नाव बी नको. ब्रुअरी बंद करा म्हणून लिही, माझी ना न्हाई. फक्त दूध चांगलंय एवढं एक पान काढ. त्या बाईचं दूध गटारात जायलंय."

बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "दत्ता, पत्रक मागे घेत नसतात. एकदा मागे घेतलं की पुढचं कुणी वाचत नाही." काका हसले. "तुझी रीत तुला लखलाभ. मी पोरीशी बोलायलोय."

मी त्यांना सांगितलं, मी स्वतः खात्री करेन. आणि केली. ओळखीच्या एका रसायनशास्त्राच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, यात लपवाछपवी कसली? मग एका सकाळी मी शेडमध्ये जाऊन उभी राहिले. चोथा निघताना पाहिला. यीस्ट दुसऱ्या टाकीत, नंतर पडताना पाहिलं. काका शिडीवर होते. वरूनच ओरडले, "नीट बघ हां संपादकबाई, मागून म्हणशील हातचलाखी केली!" कामगार हसले. मीही हसले. परत येताना स्कूटरवर मी मनातल्या मनात दुसऱ्या पत्रकाचं पहिलं वाक्य जुळवलं सुद्धा. 'आमच्या मागील पत्रकात एक गंभीर चूक झाली आहे.'

ते वाक्य माझ्या फोनमध्ये साडेपाच महिने पडून राहिलं. दारूच्या दुकानाचा ठराव ग्रामसभेत यायचा होता. आमच्या गटात मी विषय काढला तर सगळे म्हणाले, आत्ता नको. दुकानवाले हेच धरून बसतील, की बघा, या बायका खोटं छापतात. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणणं जास्त खरं. एका बाजूला शंभर घरांचा प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला तीन म्हशी, असा हिशेब मांडला की उत्तर सोपं येतं. आपण ज्यांच्या विरोधात पत्रकं लिहितो ती माणसंही नेमकी असाच हिशेब मांडतात, हे तेव्हा लक्षात आलं नाही. ग्रामसभा एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा.

काकांनी आठवण करून दिली ती एकदाच. निगडीच्या बसस्टँडबाहेर मला चहाच्या टपरीवर गाठलं. बारीक झाले होते, शर्ट खांद्यावर लोंबत होता. मी विचारलं तर म्हणाले, "जिने चढतो ना टाक्यांचे, म्हणून फिट दिसायलोय." मग हळूच, "संपादकबाई, आमचं काम?"

"ग्रामसभेनंतर काका. नक्की."

"बरं," काका म्हणाले. "म्हशीला सांगतो थांबायला. तिला ग्रामसभा कळत न्हाई, पण सांगतो." चहाचा ग्लास ठेवून, माझ्या डोक्यावर टपली मारून ते गेले. त्या बोलण्यात टोमणा होता की नुसती गंमत, हे मी किती वेळा आठवून पाहिलं... दोन्ही होतं बहुधा. ती आमची शेवटची भेट.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी टाकी धुऊन झाल्यावर, ते शिडीच्या पायरीवर बसले. इरफानभाईंना पाणी मागितलं. ते पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तळेगावला त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं उभी होती. कंपनीतली जुनी, ब्रुअरीतली, शेजारची. मला वाटत होतं काकू मला आत घेणार नाहीत. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं, इतकी मला काहीतरी शिक्षा हवी होती. काकूंनी जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, "तुझी फार वाट बघायचे गं. मी म्हणायचे, कशाला त्या पोरीच्या मागे लागता, ती काही काढत नाही. तर म्हणायचे, काढणार. जरा वेळ लागल तिला, पण काढणार."

तेराव्यानंतर मी ते पत्रक लिहिलं. आमच्या गटातल्या कुणाला विचारलं नाही. ग्रामसभा अजून व्हायची होती. मजकूर साधा. मागचं पत्रक माझं होतं, त्यातली चोथ्याबद्दलची माहिती चुकीची होती, न विचारता छापली होती, चूक कळल्यावरही मी ती साडेपाच महिने दाबून ठेवली, शेवंताबाईंचं दूध तेव्हाही स्वच्छ होतं आणि आताही आहे. खाली माझं नाव. घरी टेबलावर ठेवलं तर बाबांनी चष्मा लावला, सवयीनं पेन उचललं, एक वेलांटी दुरुस्त केली. मग म्हणाले, "खाली माझंही नाव घाल. ते पहिलं मीही तपासलं होतं."

गावात घरोघर मी एकटी फिरले. काहींनी घेतलं, काहींनी घडी न उघडताच बाजूला ठेवलं. एक आजोबा म्हणाले, "म्हंजी आता आदुगरचं खोटं, का हे खोटं?" त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि बाबांचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं हेही कळलं. खोटं पत्रक काढणाऱ्याचं पुढचं खरं पत्रकही लोक तपासून घेणारच. घ्यावंच.

शेवंतामावशींकडे सगळ्यात शेवटी गेले. गोठ्यात एकच म्हैस होती. दोन विकाव्या लागल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणाल्या, "वाचून दाव." मी उभी राहून वाचलं. संपल्यावर त्यांनी शेण भरलेले हात धुतले, पदराला पुसले आणि कागद घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"येवढंच व्हय?" त्या म्हणाल्या.

"हो मावशी. मी फार उशीर केला."

"उशीर त केलासच." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो कधीच वापरून संपला असावा. "दत्ताभाऊ यायचं की दर सोमवारी. चोथा आमी घेत न्हवतो तरीबी यायचं. सकाळी, समदे क्यान घिऊन केंद्रावर जात्यात ना, त्याच टायमाला. त्या वट्ट्यावर बसायचं आन म्हनायचं, शेवंताबाई, पेलाभर दूध द्या. मोठा पेला. समद्यांच्या म्होरं प्यायचं, सावकाश. कुनी इचारलं, शेट, कसं हाय दूध? तर म्हनायचं, येक घोट घिऊन बगा. कुनी घेत न्हवतं. पर यायचं."

काकांना दूध सोसत नव्हतं. आमच्याकडे आयुष्यभर त्यांनी कोरा चहा घेतला. दूध प्यायलं की दिवसभर पोट धरून बसायचे, हे आईला माहीत, बाबांना माहीत. मी मावशींना ते सांगितलं. त्यांनी हातातल्या कागदाची घडी केली. मग म्हणाल्या, "आन मी लबाड, वर साय घालून द्यायची."

मी अजूनही दारूच्या विरोधातच आहे. ग्रामसभा झाली तर मी जाणार आहे, दुकानाविरुद्ध बोलणार आहे, आणि इरफानभाईंनी आता चालवायला घेतलेल्या ब्रुअरीबद्दलही माझं मत बदललेलं नाही. हे त्यांना मी तोंडावर सांगितलंय. ते म्हणाले, "दत्ताभाऊंना पण माहीत होतं." पण वर्तमानपत्राच्या या पुरवणीत हे छापून यावं असं मी मुद्दाम मागून घेतलं, कारण त्या भागातली गावंही ही पुरवणी वाचतात. ते दूध चांगलं होतं. ते नासवलं मी.

संकलन केंद्रावरचा माणूस मावशींना अजून 'बघू' म्हणतो. म्हणून गेले चार सोमवार मी सकाळी तिकडे जाते. पहिल्या सोमवारी मावशींनी काही न विचारता पेला आणून दिला, साय घालून. क्यान घेऊन जाणाऱ्या एका बाईनं थांबून विचारलं, "कोन गं ही?" मावशी म्हणाल्या, "तीच. पत्रक लिवनारी." त्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढे गेली. काका बसायचे ती जागा ओट्याच्या अगदी कडेला आहे. आत भिंतीला टेकून बसायला चांगली सावली आहे, पण ते कडेला बसायचे. आधी वाटलं, तिथून रस्ता दिसतो म्हणून असेल. बसल्यावर कळलं, तिथून रस्ता फारसा दिसत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला मात्र आपण दिसतो.